डुक्कर फियाट, हजार मैल आणि सेकंदाचा शंभरावा भाग : जुन्या गाड्यांची शर्यत चालते तरी कशी?

जुन्या गाड्यांची शर्यत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक आपल्याकडचं. रविवारची सकाळ, दक्षिण मुंबईतला रुंद रस्ता, चकचकीत बॉनेट, फेटे बांधलेली मंडळी आणि गाडीपेक्षा जास्त मोबाइल. दुसरं चित्र यूट्यूबवरचं. इंग्लंडमध्ये गुडवुडच्या ट्रॅकवर साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या आडव्या होत वळणं घेतायत, दारं एकमेकांना घासतायत. पहिल्यात शर्यत अशी काही नसते, ती मिरवणूक असते. दुसऱ्यात शर्यत खरी असते, पण मोडतोडही खरी असते आणि ती दुरुस्त करायचा खर्च ऐकून आपल्याला घाम फुटतो.

या दोन्हींच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. त्याला रेग्युलॅरिटी म्हणतात. आपल्याकडे त्याच जातकुळीतला खेळ टीएसडी रॅली म्हणून ओळखला जातो : टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात सर्वांत आधी पोचणारा जिंकत नाही. सांगितलेल्या वेळेला जो पोचतो, तो जिंकतो. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? माझंही आधी तेच मत होतं. गेली काही वर्षं मी अशा हौशी रॅल्यांमध्ये नॅव्हिगेटरच्या सीटवर बसतो, आणि घरी १९७० च्या दशकातली एक प्रीमियर पद्मिनी आहे, जी वडिलांकडून माझ्याकडे आली. या दोन गोष्टींमुळे माझं आता ठाम मत झालंय की जुन्या गाडीसाठी याहून चांगली शर्यत नाही. का, ते सांगतो. पण त्याआधी इटलीला जाऊन यावं लागेल.

हजार मैलांची शर्यत

मिल्ले मिलिया म्हणजे इटालियनमध्ये हजार मैल. ब्रेशिया या शहरातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि पुन्हा ब्रेशियाला परत यायचं, साधारण १,६०० किलोमीटर. तेही ट्रॅकवर नव्हे, तर गावागावांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवर. १९२७ साली पहिली शर्यत झाली. ब्रेशियातच बनलेल्या ओएम कंपनीच्या गाडीने ती साधारण २१ तासांत, ताशी सरासरी ७७ किलोमीटरने जिंकली. आज एक्सप्रेसवेवर हा वेग कोणीही गाठेल. पण १९२७ चे रस्ते, तेव्हाचे ब्रेक आणि तेव्हाचे दिवे डोळ्यांसमोर आणा, मग त्या ७७ चं वजन कळतं.

गाड्या एकेक करून सुटत. गाडीवर रंगवलेला नंबर म्हणजे तिची सुटायची वेळ. १९५५ साली स्टर्लिंग मॉस आणि त्याचा जोडीदार डेनिस जेन्किन्सन यांची मर्सिडीज ३०० एसएलआर सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, म्हणून तिचा नंबर ७२२. त्यांनी अख्खं अंतर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं. सरासरी १५७ किलोमीटरच्या वर! हा विक्रम कुणी मोडला नाही, आणि आता मोडणारही नाही.

तंत्रज्ञानाच्या साइटवर हे सांगायचं कारण वेगळं आहे. त्या विजयात इंजिनाइतकाच वाटा एका कागदाच्या गुंडाळीचा होता. जेन्किन्सन हा मोटारस्पोर्टवर लिहिणारा पत्रकार. दोघांनी शर्यतीआधी तो रस्ता अनेकदा पालथा घातला. कुठलं वळण किती अवघड, कुठल्या चढापलीकडे रस्ता सरळ आहे, कुठे रेल्वे फाटकाचा उंचवटा आहे, हे सगळं त्याने काही मीटर लांबीच्या कागदी पट्टीवर लिहून काढलं. ती पट्टी अॅल्युमिनियमच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली आणि डबीला पारदर्शक खिडकी ठेवली. रूळ फिरवला की पुढची नोंद समोर. गाडीत आवाज इतका की बोलणं अशक्य. इंटरकॉम लावून पाहिला, पण गाडी चालवण्यात बुडालेल्या मॉसला त्यातून आलेलं काही डोक्यात शिरेना. म्हणून मग हाताच्या खुणा ठरवल्या. पलीकडचं काहीच दिसत नसलेल्या चढावर जेन्किन्सन हाताने 'जा' म्हणाला की मॉस पाय उचलत नसे. ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. एका सेकंदात तीन-चार क्रिकेट पिचांएवढं अंतर मागे पडतं, आणि तेही दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर.

आजच्या रॅलीत नॅव्हिगेटर मायक्रोफोनमधून ज्या नोट्स वाचतो, त्या याच गुंडाळीच्या पुढच्या पिढ्या म्हणायला हरकत नाही.

पण दोनच वर्षांत हे सगळं संपलं. १२ मे १९५७ रोजी, शेवट जवळ आलेला असताना, ग्विदिझोलो गावाजवळ अल्फोन्सो द पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा जोडीदार एडमंड नेल्सन तर गेलेच, पण रस्त्याकडेला उभे असलेले ९ प्रेक्षक गेले, त्यांतली ५ मुलं होती. मिल्ले मिलियाची अशी वेगाची शर्यत त्यानंतर होऊ दिली गेली नाही.

१९७७ साली, पहिल्या शर्यतीला ५० वर्षं झाल्यावर, त्याच वाटेवर ती पुन्हा सुरू झाली, पण रेग्युलॅरिटीच्या रूपात. गाड्या त्याच, गावं तीच, घाट तेच, फक्त घड्याळाचा अर्थ उलटा. कमीत कमी वेळ नव्हे, ठरलेला वेळ. माझ्या दृष्टीने हा केवळ नियमातला बदल नाही. ग्विदिझोलोच्या त्या मुलांनंतर जुन्या गाड्या रस्त्यावर आणायचा हाच एक मार्ग उरला होता.

आता डुक्कर कुठून आलं?

मिल्ले मिलियात आज भाग घ्यायचा तर तुमच्या गाडीचं मॉडेल १९२७ ते १९५७ च्या मूळ शर्यतींत धावलेलं असावं लागतं. फेरारी, मासेराती, अल्फा रोमिओ ही नावं ओघाने आलीच. पण या यादीत एक साधीसुधी घरगुती गाडीही आहे : १९५३ साली आलेली फियाट ११००/१०३. चार सिलिंडर, १,०८९ सीसी, सुरुवातीला जेमतेम ३६ हॉर्सपॉवर. तिची टीव्ही नावाची जरा तिखट आवृत्ती होती. दूरदर्शनशी संबंध नाही, 'तुरिस्मो वेलोचे' म्हणजे वेगवान प्रवासी गाडी. तिची ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास.

हीच ११०० आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बांधायला घेतली. गोलमटोल अंग आणि फुगीर पाठ पाहून मुंबईकरांनी तिचं बारसं केलं : डुक्कर फियाट. तिच्यानंतर ११०० डी आली, तिची पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. बाहेरचा पत्रा बदलला, पण इंजिनाचं माप तेच राहिलं. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. गुणाकार करून पाहा, १,०८९ सीसीच येतं. ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी काळी-पिवळीला निरोप दिला. ते योग्यच होतं. पण या घराण्यातली थोरली बहीण हजार मैलांच्या शर्यतीत धावलेली आहे, हे फारसं कुणी लिहिलं नाही.

म्हणून कुणी 'आमच्याकडे पण फियाट होती हो' असं म्हणत गाडीपाशी थांबलं, की मी त्यांना ब्रेशियाची गोष्ट सांगतो. अशी थांबणारी माणसं प्रत्येक पेट्रोल पंपावर भेटतात. कुणाला वडिलांनी हँडगिअर शिकवलेला आठवतो, कुणाला लग्नाची वरात. आणि खंबाटकी किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून, पाण्याची कॅन घेऊन थांबलेलं कुटुंब तर हमखास!

दहा सेंटिमीटरचा खेळ

आता मुख्य मुद्दा. रेग्युलॅरिटीत मोजतात कसं?

रस्त्यावर आडवी एक बारीक रबरी नळी टाकलेली असते. पुढचं चाक तिच्यावरून गेलं की आतली हवा दाबली जाते आणि दुसऱ्या टोकाच्या यंत्रात वेळ नोंदली जाते, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. काही अंतरावर दुसरी नळी. तुम्हाला सांगितलेलं असतं की या दोन नळ्यांमधलं अंतर, समजा, बरोबर ९ सेकंदांत पार करा. लवकर गेलात तरी दंड, उशिरा गेलात तरी दंड. अशा चाचण्या एकीला लागून एक येतात. एकीची शेवटची नळी हीच पुढचीची पहिली, त्यामुळे इथे चुकलं की पुढचंही बिघडायची शक्यता.

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्याचा शंभरावा भाग १० सेंटिमीटर. म्हणजे ८०० ते ९०० किलोची गाडी, धावत्या अवस्थेत, ठरलेल्या क्षणी वीतभरापेक्षाही कमी चुकीने नळीवर आणायची. नॅव्हिगेटर उलटे आकडे म्हणतो, 'चार... तीन... दोन... एक... नळी', आणि चालवणाऱ्याचा पाय त्या तालावर हलतो. फरक नेहमीच पडतो. प्रश्न असतो तो फरक तीन शतांशांचा की तीसचा.

मिल्ले मिलियात आणखी एक गंमत आहे. गाडी जितकी जुनी, तितक्या मोठ्या गुणकाने तुमचे गुण गुणले जातात. म्हणून अलीकडच्या वर्षांत पन्नाशीतल्या फेरारी मागे राहतात आणि १९२० च्या दशकातल्या, सहा सिलिंडरच्या अल्फा रोमिओ पहिल्या येतात. पैसा लागतोच, त्यात शंका नाही. पण निदान हॉर्सपॉवर विकत घेऊन इथे जिंकता येत नाही.

आपल्या टीएसडीत मोजमाप इतकं बारीक नसतं, सेकंदावर चालतं. तिथली अडचण दुसरी. रस्त्यात कुठेतरी मार्शल घड्याळ घेऊन बसलेले असतात, कुठे ते तुम्हाला माहीत नसतं. हातात फक्त रोडबुक : डावीकडे अंतर, मधे ट्युलिप, उजवीकडे शेरा. ट्युलिप म्हणजे चौकाचं छोटं रेखाचित्र, जिथून आलात तिथे ठिपका, जिकडे जायचं तिकडे बाण. हे नाव नेदरलँड्सच्या ट्युलिप रॅलीवरून पडलं. अमुक भागात सरासरी ३६, तमुक भागात सरासरी २८ असं ठरलेलं असतं. सरासरी ३६ असेल तर १० किलोमीटरला १६ मिनिटं ४० सेकंद लागले पाहिजेत, मधे म्हशींचा कळप येवो नाहीतर लग्नाची वरात.

आणि इथे एक फार साधी, पण नवख्यांना रडवणारी गोष्ट येते : टायर. जुन्या गाडीचं अंतर मोजणारं मीटर खरं तर अंतर मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजतं. माझ्या गाडीचं चाक १४ इंची, टायरसकट त्रिज्या साधारण ३० सेंटिमीटर. टायर झिजून ६ मिलिमीटर कमी झाला तर ती त्रिज्या दोन टक्क्यांच्या आसपास घटते. चाकाला तेवढंच अंतर जायला जास्त फेरे लागतात आणि मीटर जास्त दाखवतं. मीटरवर १० किलोमीटर झाले तेव्हा तुम्ही खरे ९.८ वरच असता. हे २०० मीटर म्हणजे सेकंदाला १० मीटरच्या हिशोबाने २० सेकंद! त्यामुळे शर्यतीच्या सुरुवातीला आयोजक एक मोजून दिलेला पट्टा ठेवतात. त्यावर आपलं मीटर किती दाखवतं ते पाहायचं, भागाकार करायचा, आणि दिवसभर प्रत्येक आकडा त्या गुणकाने गुणायचा. कॅल्क्युलेटर चालतो. पण टायरची हवा सकाळी थंड असताना एक आणि दुपारी तापल्यावर एक, हे कॅल्क्युलेटरला कळत नाही.

यात गाडीची परीक्षा कुठे आली?

नव्या गाडीत पाय स्थिर ठेवला की वेग स्थिर राहतो, कारण मधे कॉम्प्युटर बसलेला असतो. हवा किती आत आली ते मोजतो, पेट्रोल तेवढंच सोडतो, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. पद्मिनीत ही तिन्ही कामं लोखंड, पितळ आणि स्प्रिंग करतात. आणि ती सगळी झिजतात.

ठिणगीचंच बघा. डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात, त्यात पॉइंट असतात. जुळलेले दोन छोटे धातूचे ठिपके. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर हे पॉइंट मिनिटाला ८,००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला १३३ वेळा. उघडण्याचं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. आता पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजली की हे अंतर कमी होतं, पॉइंट थोडे उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, आणि इंजिन आळसावतं. रोज बाजारात जाताना हे कळत नाही. रेग्युलॅरिटीत लगेच कळतं, कारण त्याच गिअरला, त्याच पायाला गाडी कालच्यासारखी चालत नाही.

कारबोरेटरचंही तसंच. एका निमुळत्या गळ्यातून हवा जोरात ओढली जाते, तिथे दाब कमी होतो, आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. बस्स, एवढंच. पण घाट चढून महाबळेश्वरला, म्हणजे १,३०० मीटरच्या वर गेलात की हवा विरळ होते. पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण दाट होतं आणि गाडी गुदमरल्यासारखी करते. मिल्ले मिलियावाल्यांनाही अपेनाइन्सच्या फुता आणि रातिकोझा या खिंडी पार कराव्या लागतात, दोन्ही ९०० मीटरच्या वर.

घाटातल्या त्या उघड्या बॉनेटचं कारणही अनेकदा रेडिएटर नसायचं, पेट्रोल असायचं. पेट्रोल ओढणारा पंप, मेस्त्रींच्या भाषेत एसी पंप, इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. ओलं फडकं पंपावर गुंडाळून पाच-दहा मिनिटं थांबायचं, हा आपल्याकडचा उपाय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालावा इतका अचूक आहे.

उतरताना ब्रेक. चारही चाकांना ड्रम. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून लांब जातो, शिवाय तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. म्हणून पेडल खाली खाली जातं. डिस्क ब्रेकमध्ये चकती तापून जाड होते ती पॅडच्याच दिशेने, आणि उघड्यावर असल्यामुळे लवकर थंडही होते. १९५२ च्या मिल्ले मिलियात मॉस आणि नॉर्मन ड्यूइस जॅग्वार सी-टाइपला डिस्क ब्रेक लावून उतरले होते. शर्यत पूर्ण झाली नाही, पण ते ब्रेक पुढे सगळ्या जगाने घेतले. आम्ही ड्रमवाले मात्र अजून चढलो त्याच गिअरमध्ये उतरतो.

आमचे मेस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. ते स्कॅनर लावत नाहीत, सायलेन्सरपाशी हात धरतात. एकदा पुण्याजवळच्या एका रॅलीच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, गाडी छान चालतेय, फक्त एकदा नजर टाका." त्यांनी इंजिन चालू ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, चालतेय, पण एकसारखी नाही. तिसरा जरा मागं राहतोय." प्लग काढले. तीन कॉफीच्या रंगाचे, तिसरा काळपट. रोजच्या वापरात हा काळपटपणा मी आणखी सहा महिने ओढला असता. शर्यत होती म्हणून प्लग निघाला.

माझा सगळा मुद्दा या एका प्लगमध्ये आहे. मिरवणुकीसाठी गाडीला पॉलिश लागतं, वेगाच्या शर्यतीसाठी ताकद लागते आणि त्या ताकदीत म्हातारं इंजिन फुटतं. रेग्युलॅरिटीसाठी गाडी निरोगी लागते, बाकी काही नाही.

दोन नव्या अडचणी

पहिली पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. धोरण चूक की बरोबर यात मी इथे पडत नाही. जुन्या गाडीला काय होतं ते पाहू. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नवी गाडी सेन्सरने हे ओळखते आणि पेट्रोल वाढवते. कारबोरेटरचा जेट मात्र जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं आणि हळू वेगाला अडखळतं. उपाय म्हणजे जेट बदलणं. क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचं तर व्यास ४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. समजा भोक १.२० मिलिमीटर असेल तर १.२५ च्या जवळ. मग थोडं चालवून प्लगचा रंग बघायचा, पांढुरका दिसला तर अजून पातळ आहे. दुसरा त्रास रबराचा. जुने पाइप, पंपाचा पडदा, सील ही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीला गंज. पाइप इथेनॉलला चालणारे घ्या, आणि गाडी उभी ठेवू नका.

दुसरी अडचण कागदाची, पण तिच्यात सोयही आहे. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. (जगात 'विंटेज'ची व्याख्या एकच नाही. इंग्लंडच्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबसाठी विंटेज म्हणजे १९३० पर्यंतची. आपल्या नियमात सरळ ५० वर्षं.)

म्हणजे १९७५-७६ च्या पद्मिन्या आता या दारापाशी आल्यात. एकदा आत गेल्या की त्यांना चालायला निमित्त लागणार, आणि कायद्याने मान्य केलेलं मुख्य निमित्त आहे रॅली. आता ती रॅली म्हणजे वर्षातून एकदा दहा किलोमीटरची मिरवणूकच असेल तर उरलेले ३६४ दिवस टाकीत पाणी साचणार. त्याऐवजी ६०-७० किलोमीटरची, एक घाट असलेली, ताशी ३० च्या सरासरीची रेग्युलॅरिटी वर्षातून चारदा झाली तर? वेग कायद्यात, धोका कमी, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक गाडीचे प्लग निघतील. मेस्त्रींकडे चार गाड्या सोबत आल्या तर त्यांचा नातू कदाचित शेजारी उभा राहून ऐकेल, इंजिन एकसारखं चालणं म्हणजे काय ते. पॉइंट, कंडेन्सर, पंपाचा पडदा बनवणाऱ्यालाही मागणी दिसली तरच तो बनवेल.

घरी करून बघायचं असेल तर

जुनी गाडी नसली तरी चालेल, स्कूटरवरही होतं. मोकळं मैदान किंवा वाहतूक नसलेला खाजगी रस्ता शोधा. खडूने दोन रेषा मारा, बरोबर ५० मीटर अंतराने. लक्ष्य ९ सेकंद. म्हणजे ताशी २० किलोमीटर, फार हळू. शेजारी बसलेल्याने मोबाइलचं स्टॉपवॉच पुढचं चाक पहिल्या रेषेवर आलं की सुरू करायचं आणि नववा सेकंद जवळ आला की मोठ्याने उलटे आकडे म्हणायचे. दुसऱ्या रेषेवर बंद. स्कूटरवर एकटे असाल तर मोजणारा रेषेपाशी उभा करा. दहा फेऱ्या, मग जागा बदलून आणखी दहा. आमच्या घरी बायको मोजते तेव्हा फरक कमी येतो, आणि ते मला दर वेळी ऐकावं लागतं.

पहिल्या फेऱ्यांत अर्धा-पाऊण सेकंद चुकेल. दहाव्या फेरीपर्यंत तो पाव सेकंदाच्या आत यायला लागतो. सगळे आकडे तारखेसकट एका वहीत लिहा. महिन्याभराने तोच माणूस, तोच रस्ता असूनही आकडे विस्कटले आणि ताशी २० ला गाडी धक्के देत असली, तर हाताला दोष देण्याआधी डेल्कोचं झाकण उघडा आणि फिलर गेजने पॉइंटचा गॅप मोजा.